बाबाची गाडी की बाबागाडी?

पाचवा_गिअर (धागाकर्ता) · शनिवार, पहाटे ३:१०

मंडळी, वेळ बघूनच काय ते समजलं असेल. लेक अकरा आठवड्यांची आहे. आत्ताच दूध पिऊन, ढेकर काढून माझ्या डाव्या खांद्यावर झोपलीये आणि मी उजव्या हाताच्या अंगठ्याने टंकतोय. शुद्धलेखन पोटात घाला.

माझ्याकडे १९९१ ची युनॉस रोडस्टर आहे. माझदा एमएक्स-५ जपानात याच नावाने विकायचे. कधीतरी तिकडून वापरलेली आयात होऊन इंग्लंडात आली आणि पाच वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडली. मी वॉरिकशायरमध्ये असतो, पोटापाण्याचा धंदाही गाड्यांचाच. दोन सीट, १.६ चं इंजिन, १२० हॉर्सपॉवर, वजन ९४० किलो. १२० म्हणजे आजच्या हिशेबात किरकोळ. आमची घरची स्कोडा इस्टेट कागदावर हिच्यापेक्षा तगडी आहे. पण ज्यांनी चालवलीये त्यांना सांगायला नको. माझदावाले 'जिंबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. मी म्हणतो, जुनी चप्पल. पायात आहे हे कळतही नाही.

बाळ व्हायच्या आधी दर रविवारी पहाटे साडेपाचला निघायचो. फॉस वे म्हणून रोमन लोकांनी आखलेला रस्ता आहे, पट्टी ठेवून ओढल्यासारखा सरळ, पण मधेमधे पोटात गोळा आणणारे उंचवटे. तिथून एजहिलकडे, सनरायझिंग हिलची वळणं उतरून परत वर, मग बर्टन डॅसेटच्या टेकड्यांवर दहा मिनिटं. आठच्या आत ताजा पाव घेऊन घरी.

आता नऊ आठवडे... नाही, खरं सांगायचं तर पाच आठवडे गाडी गॅरेजमधून हललेली नाही. पुढ्यात बाबागाडी, तिच्या पुढ्यात डायपरची खोकी. सांगलीहून आई आलीये. डिंक, अळीव, बाळंतशेपा, काजळाची डबी असं अर्धं किराणा दुकान बॅगेत घालून. पहिल्याच दिवशी गॅरेजमध्ये डोकावून म्हणाली, "ही खेळण्यातली कुणाची?" मग मी हेडलाइट वर केले (हिचे डोळे उघडतात-मिटतात) तर म्हणाली, "बाई! पापण्या आहेत की हिला. पण बाळ कुठे बसणार?"

बायको काहीच म्हणत नाही. फक्त "तुझी गाडी, तू ठरव." हे वाक्य किती धोक्याचं असतं ते लग्न झालेल्यांना माहीत आहे.

विकू की ठेवू?

टॉर्करेंच · शनिवार, सकाळी ७:४५

अभिनंदन! आधी लेकीचं, मग गाडीचं.

विकायची घाई नको. तुमच्याकडे गाडी रस्त्यावरून उतरवल्याचं सरकारला कळवता येतं ना, सॉर्न का काय ते? तसं केलंत की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो. अट एकच, गाडी स्वतःच्या जागेत उभी पाहिजे, सार्वजनिक रस्त्यावर चाकही टेकता कामा नये. उभ्या गाडीचा विमाही वेगळा आणि स्वस्त मिळतो.

पण उभी गाडी जास्त बिघडते. हिची बॅटरी डिकीत असते आणि चिमुकली असते, तेव्हा ट्रिकल चार्जर (हळूहळू चार्ज करत राहणारा) लावून ठेवा. आणि छताच्या पन्हळीचं पाणी जिथून खाली जातं ती भोकं तपासा. सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असतात. पाला साचून ती बुजली की पाणी गाडीच्या पोटात शिरतं आणि मागच्या चाकापुढचे सिल (दाराखालची पोकळ पत्र्याची पट्टी) आतून कुजतात. बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत आतलं सगळं गेलेलं असतं.

गणपुले_गुरुजी · शनिवार, सकाळी ८:२०

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. अवांतर: आपल्याकडे १९९८ च्या सुमाराला सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी निघाली होती, आठवते का कुणाला? फायबरग्लासची बॉडी, आत रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. डेक्कनवर एकदा दिसली होती, मागे दोन रिक्षावाले चौकशीला लागले होते.

पुदिना · शनिवार, सकाळी १०:०५

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्या घरात गाडीचं वेड मला आहे, नवऱ्याला नाही. पोलो जीटीआय, तीन दारांची. २०१६ च्या शेवटी आली, देशभरासाठी मिळून ९९ च गाड्या होत्या. सव्वीस लाखांना पोलो घेतली म्हणून सासरी अजून मला वेड्यात काढतात. १.८ टर्बो, १९२ हॉर्सपॉवर. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममधल्या माणसाने किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. त्याने ती माझ्याकडे दिली आणि त्या माणसाचा चेहरा मी जपून ठेवलाय.

तीन दारांच्या गाडीत मागे चाइल्ड सीट म्हणजे काय ते ऐका. माझं सिझर झालेलं. पुढची सीट सरकवायची, एक पाय आत, एक पाय पार्किंगमध्ये, पोटाला टाके, हातात साडेचार किलोचं पोर, आणि कमरेत नव्वद अंशांत वाकून त्याला सीटच्या वाटीत उतरवायचं. डोकं छताला आपटायचं ते वेगळंच. पहिले तीन महिने मी ती गाडी चालवलीच नाही. आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायचे हूक) होतं, सगळं होतं. पण ते आयसोफिक्स वापरायला जी कंबर लागते ती नव्हती.

आता तो सहा वर्षांचा आहे. मागची सीट म्हणजे त्याची गुहा. सगळ्यांना सांगतो, आमच्या गाडीला मागे दारच नाही.

तर माझं मत: एका वर्षाच्या आत काही ठरवू नका.

शंकेखोर · शनिवार, सकाळी १०:३०

जीटीआय ही हॉट हॅच, म्हणजे तगड्या इंजिनाची हॅचबॅक. स्पोर्ट्स कार नव्हे. धाग्याचा विषय स्पोर्ट्स कार आहे.

पुदिना · शनिवार, सकाळी १०:३२

बरं.

पाचवा_गिअर · शनिवार, दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार. पुदिना, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. टाक्यांच्या वाक्याला तिने नुसती मान हलवली.

एक कबुली. गेल्या आठवड्यात मी बाळाची सीट रोडस्टरमध्ये बसते का ते बघितलं. बाळाला नाही हं, सीटमध्ये गव्हाच्या पिठाची पाच किलोची पिशवी ठेवली होती. माझा युक्तिवाद असा: मागे तोंड करून बसणारी सीट चालू एअरबॅगसमोर लावायला इथे बंदी आहे. माझ्या गाडीला एअरबॅगच नाही. मागची सीटही नाही. म्हणजे पुढे लावली तर कायद्याला हरकत नसावी.

झालं असं, की सीटचं वरचं टोक डॅशबोर्डला टेकलं. ती तिरकी झाली. मग पट्टा सीटच्या मागून फिरवायला घेतला, ताण ताण ताणला, तरी बक्कल चार बोटं लांबच. मी गुडघा सीटवर रोवून ओढतोय, पिठाची पिशवी कलंडलीये, आणि दारात आई उभी. "पीठ शोधत होते," म्हणाली.

उत्तरायण · शनिवार, दुपारी ३:५०

स्वीडनमधल्या योटेबोरीहून लिहितोय. इथे चाइल्ड सीट हा जवळपास धर्म आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

पट्टा पुरला नाही हे तुमचं नशीब समजा. एअरबॅग नाही म्हणून कायदा आडवा येत नाही हे खरं. पण त्यामुळे गाडी बाळासाठी सुरक्षित झाली असं नाही. १९८९ ला बाजारात आलेली, छत नसलेली, गुडघ्याएवढी गाडी. समोरून आजची दोन टनाची एसयूव्ही आली तर तिचं बंपर कुठे येईल ते गॅरेजमध्ये उभं राहून बघा.

मागे तोंड का, तेही सांगतो. नवजात बाळाच्या लांबीचा चौथा हिस्सा नुसतं डोकं असतं, आणि मान म्हणजे अजून कूर्चाच. पुढे तोंड करून बसलेलं बाळ धडकेत पट्ट्याने धरलं जातं, पण डोकं पुढे झेपावतं आणि सगळा भार मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ सगळं एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबलं जातं. इथल्या चामर्स विद्यापीठातल्या बेर्टिल आल्डमान यांना हे सुचलं जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून. उड्डाणाचा धक्का ते पाठीवर झेलायचे. १९६४ साली व्हॉल्वोत पहिला नमुना तपासला गेला. युरोपच्या नव्या नियमात किमान १५ महिने मागे तोंड सक्तीचं आहे, इथे लोक चार वर्षांपर्यंत तसंच बसवतात. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, पाय दुमडून मजेत बसतो आणि मागच्या गाडीवाल्यांना टाटा करतो.

आणखी एक. सीटमध्ये बाळ झोपलं तर झोपू दे म्हणून तासन्‌तास ठेवू नका. मान पुढे पडून श्वासाला अडथळा होऊ शकतो. मोठ्या बाळालाही दोन तासांच्या वर नको आणि अगदी नवजात असेल तर त्याहून बरंच कमी.

खड्डेश्वर · शनिवार, रात्री ९:१०

वरचा प्रतिसाद नाशिकच्या एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडाला वाचून दाखवावा म्हणतो. इथे आत्या पुढच्या सीटवर, आत्याच्या मांडीवर बाळ, बाळाच्या हातात स्टिअरिंग. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १९४ ब कलम आलं, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर हजार रुपये दंड. तो भरलेला माणूस मला अजून भेटायचाय. मी पुतण्यासाठी सीट नेली तर आजी म्हणाली, "एवढंसं लेकरू, त्याला बांधून काय नेतोस चोरासारखं."

धागाकर्ते, मी विकली होती. फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स, सचिन ज्याची जाहिरात करायचा ती. शंभर हॉर्सपॉवर, त्या काळात कसारा घाटात फार होते हो. मुलगा झाला तेव्हा एक लाख दहा हजारांना दिली. पश्चात्ताप वगैरे काही नाही. तशीही तिचे स्पेअर मिळेनासे झाले होते. मात्र गेल्या वर्षी पोराने जुन्या फोटोत ती बघितली आणि विचारलं, "पप्पा, ही आपली होती?" त्या 'आपली'चं उत्तर द्यायला जरा वेळ लागला. तो तेव्हा वीस दिवसांचा होता.

शंकेखोर · शनिवार, रात्री ९:२५

पालिओ ही सुद्धा हॅचबॅकच.

मावशी_ठाणेकर · रविवार, सकाळी ६:४०

अरे त्या शंकेखोराला कुणीतरी चहा द्या.

पाचव्या गिअरा, तुझा धागा दोनदा वाचला. मला गाड्यांतलं काही कळत नाही, आमची वॅगनार आहे. पण हिशेब कळतो. तू रविवारी पहाटे साडेपाचला जाऊन आठला यायचास. म्हणजे अडीच तास. बाळ झाल्यापासून तुझ्या बायकोला सलग अडीच तास एकटीला कधी मिळाले? न्हाणीघरातले धरू नकोस.

"तुझी गाडी, तू ठरव" हे वाक्य धोक्याचं नाही रे. ती दमलीये. तिला अजून एक गोष्ट ठरवायची नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही मुलं लगेच त्यात विनोद शोधता.

आणि दुसरं. तू आधी नऊ आठवडे लिहिलंस, मग खोडून पाच केलंस. मधे काय झालं?

पाचवा_गिअर · सोमवार, पहाटे ४:०२

मावशी, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.

लेक सहा आठवड्यांची असताना एकदा नेली होती. रात्रभरात मिळून दोन-अडीच तास झोपलो होतो, तेही तुकड्यातुकड्यांत. पण आई घरात होती, बाळ नुकतंच झोपलं होतं, आणि मला वाटलं, एक फेरी मारली की डोकं ताळ्यावर येईल. छत उघडलं. गारठा होता, हीटर पायाशी. फॉस वेला लागलो. दोन्ही बाजूंना कुंपणाची झाडं, समोर उजाडतंय. सगळं नेहमीसारखं.

मग एका चौकाच्या अलीकडे थांबलो आणि लक्षात आलं की मागचे दोन-तीन मैल मला आठवतच नाहीयेत. झोप लागली होती असं नाही. गिअर बदलले असणार, उंचवट्यांवर वेग कमी केला असणार. हातापायांनी केलं सगळं. मी तिथे नव्हतो. मागून कुणी नव्हतं म्हणून तसाच दोन मिनिटं उभा राहिलो आणि वळून पन्नासच्या आत वेग ठेवत घरी आलो. किल्ली हुकला लावली ती अजून तिथेच आहे.

हे घरी सांगितलं नाही. बाबागाडी मावत नाही, पट्टा पुरत नाही हे सगळं खरंच आहे, पण 'विकू का' हा प्रश्न त्या चौकात सुरू झाला.

उत्तरायण · सोमवार, सकाळी ८:१५

लिहिलंत ते बरं केलंत. माझं एकदा स्कोडातच झालंय. झोपेसाठी बाळाला फिरवायला निघालो होतो. आमचं गाडी चालू असेतो झोपायचं आणि सिग्नलला थांबलं की उठायचं. त्यामुळे मी मुद्दाम सिग्नल नसलेला लांबचा रस्ता धरला आणि बाळाच्या आधी माझेच डोळे मिटायला लागले. त्यानंतर नियम केला: रात्री चार तास सलग झोप नसेल तर दुसऱ्या दिवशी बस.

पुदिना · सोमवार, सकाळी ९:५०

घरी सांगा. इथे पंचवीस अनोळखी लोकांना सांगितलंत, तिलाही सांगा.

टॉर्करेंच · सोमवार, सकाळी ११:००

+१. आणि भोकं तपासलीत का?

पाचवा_गिअर · सोमवार, रात्री १०:३५

तपासली. उजवीकडचं मोकळं होतं. डावीकडे सीटच्या मागचा गालिचा उचलला तर खाली ओला फोम, वास पावसाळ्यातल्या शाळेच्या दप्तरासारखा. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी असते, तिचा हातभर तुकडा भोकात घालून ढवळला. आधी काळा चिखल, मग एक अख्खं पान, मग भसकन पाणी गाडीखाली आलं. आई बाळाला घेऊन बघत होती. "नाक मोकळं झालं," म्हणाली. तासाभरापूर्वी आम्ही दोघांनी मिळून बाळाचं तेच केलं होतं.

सिल अजून टणक आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितला, आवाज भरीव येतो.

चौकाचं घरी सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मला वाटलं, माझ्यामुळे जात नाहीस." मग बराच वेळ आम्ही दोघं नुसते बसून होतो.

मावशी_ठाणेकर · मंगळवार, सकाळी ७:०५

तिला गाडी चालवता येते का?

पाचवा_गिअर · मंगळवार, दुपारी १२:४०

येते. गिअरवाल्या गाडीचं लायसन्स आहे. रोडस्टर एक-दोनदा चालवलीये, फार आवडली नव्हती. म्हणते, रस्त्यावर बसून घसरत गेल्यासारखं वाटतं.

गणपुले_गुरुजी · मंगळवार, दुपारी १:००

वाचनखूण साठवली. १९९१ ची म्हणजे तुमच्याकडे चाळीस वर्षांनंतर ऐतिहासिक गाडी ठरून रोड टॅक्स माफ होईल ना? एप्रिल २०३२. तोवर लेक शाळेत जाईल आणि स्वतःच्या पायाने पुढच्या सीटवर चढेल. अर्थात बूस्टर लावून. १३५ सेंटिमीटर उंची किंवा बारा वर्षं, जे आधी होईल तोवर तिथे सीट लागतेच म्हणतात.

पाचवा_गिअर · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:२०

धागा वर काढतोय.

गाडी विकलेली नाही. सॉर्नही केली नाही. विमा चालू आहे, बॅटरी चार्जरवर आहे. मी अजून नेलेली नाही. सलग चार तासांचा नियम उत्तरायणकडून उचललाय आणि तो आमच्याकडे अजून जमलेला नाही. रोज संध्याकाळी लेकीला मांडीवर घेऊन गॅरेजमध्ये बसतो आणि हेडलाइट वर-खाली करतो. चौदाव्या आठवड्यात ती त्यांच्याकडे मान वळवायला लागली. परवा हसली. आईचं म्हणणं, गॅस झाला होता.

आज सकाळी बायकोला किल्ली दिली. पेट्रोल भरून, छत उघडून, बाबागाडी बाजूला काढून गाडी दारात लावून ठेवली होती. म्हटलं, दोन तास आहेत, कुठेही जा, बर्टन डॅसेट या वेळेला छान असतं. दूध काढून ठेवलेलं होतं, आई होती, मी होतो. ती कोट घालून गेली. पहिला गिअर जरा कुरकुरला, मग कोपऱ्यावर वळली.

पावणेदोन तासांनी आली. गालावर शिवणीचा वळ उमटला होता. "कसं होतं वर?" विचारलं तर म्हणाली, "छान." अंघोळीला गेली.

गाडी आत घेताना बघितलं. माझ्या गाडीचा वेगाचा काटा कुणीतरी मैलात करून दिलाय, पण खालचं ओडोमीटर अजून जपानीच आहे, किलोमीटर मोजतं. ट्रिप मीटर मी सकाळी शून्यावर आणलं होतं. आकडा होता १.४. सीट पार मागे सरकवलेली, छत बंद.

म्हणजे कोपऱ्यावरच्या चर्चच्या मागे जी पार्किंगची जागा आहे तिथवर जाणं आणि येणं.

पुदिना · रविवार, रात्री ११:३१

अगं बाई.

मावशी_ठाणेकर · सोमवार, सकाळी ६:३५

तिला विचारू नकोस. पुढच्या रविवारी परत किल्ली दे. आणि त्या सीटमागे एक उशी ठेवून दे.

शंकेखोर · सोमवार, सकाळी ९:१५

दोन सीटच्या गाडीत सीट फार मागे कलत नाही. मानेला आधार देणारी गोल उशी बघा.

पाचवा_गिअर · सोमवार, सकाळी ९:४०

ठेवली. गोलच आहे.